टोमॅटो-मिरचीची पानं चार दिवसांत वळली, घरचा उपाय सांगा (सांगली)

संगमकाठ, सांगली – ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. हरिपूर रस्त्याला आमचं घर आहे आणि मागं वीस बाय तीस फुटांची परसबाग. २०१९ च्या महापुरात सगळं परस पाण्याखाली गेलं होतं. पाणी ओसरल्यावर वीतभर गाळ आणि कुजलेली झाडं एवढंच उरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर वाफे दीड फूट उंच करून घेतले आणि उसाचं पाचट, शेणखत, घरातला ओला कचरा घालून माती हळूहळू तयार केली. आता मनगटापर्यंत हात सहज आत जातो. हे मुद्दाम सांगते, कारण ही बाग माझी दोनदा बुडून पुन्हा उभी राहिलेली आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे.

रासायनिक औषध घरात आणायचं नाही हे आमचं ठरलेलं. सासरे तासगावकडं द्राक्षबागेत फवारणीच्या कामाला जायचे. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याचा जो वास यायचा तो मी विसरलेले नाही. आणि आता माझी लेक टोमॅटो तोडते, फ्रॉकला पुसते आणि तिथंच उभी राहून खाते.

तर अडचणी अशा आहेत.

टोमॅटोची चौदा झाडं आहेत आणि मिरचीची दहा. गेल्या चार दिवसांत शेंड्याची पानं बारीक झाली आणि वळली. मी निंबोळी तेल १० मिली एक लिटर पाण्यात, भांडी घासायचं लिक्विड घालून दुपारी फवारलं. त्यानं उलट पानांच्या कडा करपल्या.

वांग्यावर आणि शेजारच्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय.

गेल्या उन्हाळ्यात दुधी अंगठ्याएवढा झाला की पिवळा पडून गळायचा. एकही हाताला लागला नाही. यंदा वेल मांडवावर चढायला लागलाय, म्हणून आधीच विचारते.

शाहूपुरी_गच्ची, सातारा – ११ फेब्रुवारी

ताई, आधी तेलाबद्दल. १० मिली फार झालं. लिटरला ५ मिलीच्या वर जाऊ नका, आणि दुपारी तर मुळीच नको. तेलाचा थर आणि वरून ऊन, म्हणजे पान भाजणारच. शिवाय निंबोळीतला जो कामाचा घटक, ॲझाडिरॅक्टिन, तो उन्हानं लवकर निकामी होतो. दिवस मावळल्यावर फवारायचं.

तेलापेक्षा निंबोळी अर्क करा. मी माझ्या गच्चीवरच्या चाळीस कुंड्यांना तोच वापरते. ५० ग्रॅम सुकलेल्या निंबोळ्या जाडसर कुटायच्या. मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवायची. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहायचं, पिळताना दुधासारखा पांढरट अर्क उतरतो. तो थांबला की पाणी घालून एक लिटर करायचं आणि २ ग्रॅम साधा साबण विरघळवून घालायचा, म्हणजे पानाला धरून राहतं. हाच तो पाच टक्क्यांचा अर्क. त्याच संध्याकाळी संपवायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही. निंबोळ्या वर्षापेक्षा जुन्या नकोत, बुरशी लागलेल्या तर नकोच.

आणि दुसऱ्या दिवशी किडे मेलेले दिसणार नाहीत, त्यानं नाउमेद होऊ नका. अर्कानं कीड खायचं थांबते, कात टाकू शकत नाही, वाढ खुंटते. तीन-चार दिवस जातात.

पानं वळलीत म्हणजे मला चुरडा-मुरडा वाटतोय. पांढरी माशी तो विषाणू पसरवते. वळलेली झाडं उपटून टाका आणि पिवळे चिकट सापळे लावा. तुमच्या जागेला दोन-तीन पुरे. जास्त लावले तर चांगले किडेही त्यालाच चिकटतात.

संगमकाठ – १२ फेब्रुवारी

चोवीसच्या चोवीस झाडं उपटायची? टोमॅटोला घोस लागलेत हो. हात धजत नाही.

माणदेशी, म्हसवड – १२ फेब्रुवारी

थांबा थांबा, उपटायची घाई नको. टोमॅटोचं जाणकार सांगतील, मी पांढऱ्या कापसाचं सांगतो. तो पिठ्या ढेकूण. आमच्याकडं पाण्याची बोंब, झाड ताणावर असतं, त्यामुळं हा पाहुणा दरवर्षी येतो.

त्याच्याकडं बघायच्या आधी मुंग्या कुठं चाललेत ते बघा. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. एका झाडावरनं दुसऱ्यावर उचलूनसुद्धा नेतात. माझ्या डोळ्यानं बघितलंय, तोंडात पिल्लू धरून मुंगी वांग्याच्या बुंध्यावर चढताना. मुंग्या थांबवल्याशिवाय वर कितीही फवारा, आठ दिवसांत पुन्हा आहेच.

जास्वंदीच्या बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीला लावू नका. फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकल्या असतील तर छाटा, नाहीतर मुंगी तिकडनं येते. मग जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ढेकणं घासून काढा. पानाच्या बेचक्यात आणि देठाच्या मुळाशी नीट बघा. जिथं फारच गच्च बसलेत ती फांदी कापा आणि पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको. माझ्या आईचं सगळं शेतीचं ज्ञान या एका ब्रशात आलंय म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी दहा मिनिटं ती वांग्यापाशी बसायची.

ऊसवाला_वाळवा – १२ फेब्रुवारी

ताई, एक विचारू? तुमच्या परसामागं काय आहे? ऊस असेल तर लावलाय कधी? गेल्या पंधरा दिवसांत कुणी तिथं तणनाशक मारलंय का?

आणि झाडापाशी जाऊन या चार गोष्टी बघून सांगा.

पान उलटं करून बघा. पांढरी माशी उडती का? झाड हलवल्यावर भुरकट ढग उठतो का?

सगळी झाडं एकदम वळली का एक आज, एक चार दिवसांनी?

वळलेल्या पानाच्या शिरा बघा. फणीच्या दातांसारख्या सरळ रेषेत जवळजवळ आल्यात का?

वाफ्यात कुठं मका, ज्वारी, गवती चहा असेल तर त्याची पानं कशी आहेत?

संगमकाठ – १३ फेब्रुवारी

दादा, आज सुट्टी होती म्हणून तास-दीड तास बागेतच बसले. तुमचे प्रश्न वहीत लिहून घेऊन गेले होते.

पश्चिमेला तारेच्या कुंपणापलीकडं सुरू हंगामातला ऊस आहे, डिसेंबरच्या शेवटी लावलेला. तणनाशक मारलं का ते माहीत नाही, पण मागच्या आठवड्यात एका दुपारी दोन माणसं पाठीवर पंप घेऊन फिरत होती. वारं होतं त्या दिवशी. वाळत घातलेली धुणी उडाली म्हणून लक्षात आहे.

पांढरी माशी नाही. झाड हलवलं, काहीच उठलं नाही.

सगळी झाडं एकदमच वळलीत. पण कुंपणाकडच्या दोन ओळी जास्त, घराकडची ओळ कमी. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

शिरा अगदी तुम्ही म्हणता तशाच. पान पिचलेलं, लांबुळकं, शिरा सगळ्या शेजारी शेजारी. देठ खाली मान घातल्यासारखे वळलेत.

मका आहे, सहा ताटं, अगदी कुंपणाला लागून. ठणठणीत. गवती चहाही तसाच.

आणि आणखी एक. दारातल्या मांडवावर द्राक्षाचा एक वेल आहे, सासऱ्यांनी लावलेला. त्याच्या शेंड्याची नवी पानं पंख्यासारखी झालीत, कडेला टोकदार दातरे. ते पान बघून सासूबाई एकदम म्हणाल्या, "ह्याला टू-फोर-डी लागलंय."

ऊसवाला_वाळवा – १३ फेब्रुवारी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. द्राक्षाचं पान खोटं बोलत नाही. तासगाव-पलूस भागात बागेशेजारी उसात टू-फोर-डी मारण्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

ताई, तुमच्या टोमॅटोला रोग नाही आणि कीडही नाही. टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणासाठीचं औषध. ऊस, मका, ज्वारी ही गवताच्या जातीची पिकं, त्यांना ते मानवतं. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, कापूस, द्राक्ष यांना त्याचा नुसता वारा लागला तरी पानं अशी वेडीवाकडी होतात, कारण ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं. विषाणू असता तर एक झाड इथं, एक तिथं असं हळूहळू पसरलं असतं. हे एका दिवसात, एका बाजूनं आलंय.

आता काय करायचं. झाडं उपटू नका. आणि कृपा करून त्यांच्यावर अजून काही फवारू नका, ना अर्क, ना शेण-गोमूत्राचं जीवामृत. झाड आधीच बेजार आहे. बेताचं पाणी द्या, बुंध्याशी पाचट ठेवा. हलका वारा लागला असेल तर महिना-दीड महिन्यात नवा शेंडा सरळ निघतो. खोड फुगून चिरलं तर मात्र ते झाड गेलं.

कुंपणाकडचा पालक-मेथी काढून टाका, खाऊ नका. त्या दिवशी झाडावर असलेली टोमॅटोची फळंही मी माझ्या पोरांना देणार नाही. जड जातं, कळतंय.

मी स्वतः ऊस करणारा माणूस आहे, त्यामुळं शेजाऱ्याला शिव्या देणार नाही. मजूर मिळत नाही, तण उसाच्या डोक्यावर जातं, माणूस पंप उचलतो. पण मारायची रीत असते. वारं पडलेलं असताना पहाटे मारायचं, नोझल जमिनीजवळ धरायचं, दाब कमी ठेवायचा. त्यातही एस्टर प्रकारचं टू-फोर-डी उन्हात वाफ होऊन लांब जातं, अमाईन किंवा सोडियम क्षाराचं तेवढं उडत नाही. हे पुष्कळ शेतकऱ्यांना दुकानात कुणी सांगत नाही. जाऊन बोला. भांडायला नको, द्राक्षाचं पान हातात घेऊन जा.

आणि परसबागेसाठी कुणाचा पंप मागून आणत असाल तर तो तणनाशकाचा नाही ना, हे आधी विचारा. तीन पाण्यानं धुतलेल्या पंपानं वांगी गेलेली मी बघितलीत.

शाहूपुरी_गच्ची – १३ फेब्रुवारी

ताई, मला माफ करा. मी न बघता झाडं उपटा म्हणून सांगितलं. तुम्ही ऐकलं असतं तर? साताऱ्यात गच्चीवर माझ्या आजूबाजूला ऊसच नाही, त्यामुळं ही गोष्ट कधी डोक्यातच आली नाही. इथून पुढं कुणी पान वळलं म्हणून विचारलं की आधी हे चार प्रश्न मी विचारीन.

मिरज_कुंडी – १४ फेब्रुवारी

मी अगदी नवीन आहे. बाल्कनीत मिरचीच्या पाच कुंड्या आहेत. माझीही पानं वळलीत, पण इथं ऊस नाही, तिसरा मजला आहे. मग काय असेल?

कोयनाकाठ, कराड – १४ फेब्रुवारी

मिरचीचं पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर येऊन होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक पिवळसर काड्या चालताना दिसतील. कडा खाली वळून पान उपड्या वाटीसारखं झालं असेल आणि देठ लांबला असेल तर कोळी. कोळी साध्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. कोळ्यासाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा द्यायचा. निंबोळी तेल त्यालाही चालतं, पण शाहूपुरीच्या ताईंनी सांगितलेल्या मापात.

मी कृषी सहायक म्हणून तीस वर्षं कराड-पाटण भागात काम केलं, आता निवृत्त आहे. परसबागेचे प्रश्न विचारायला माणसं यायची तेव्हा हातात औषधाच्या बाटलीचं झाकण असायचं, पान नसायचं. तुम्ही सगळे पान घेऊन येताय याचा मला मनापासून आनंद आहे.

वाई_परस – १५ फेब्रुवारी

दुधीचं कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

अंगठ्याएवढा होऊन गळणारा दुधी चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. आत स्वच्छ असेल आणि नुसता सुकून पिवळा पडला असेल तर फळ धरलंच नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फळ न धरण्याचं कारण असं, की दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीच्या पतंगांवर अवलंबून असतं. घराजवळ रात्रभर दिवा जळत असेल, पतंग कमी असतील, तर परागीभवन होत नाही. दिवेलागणीला मांडवाखाली जा. ज्या फुलामागं इवलासा दुधी दिसतो ते मादी फूल. नुसत्या लांब दांडीवरचं ते नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. दोडकाही संध्याकाळचा. कारलं, काकडी, भोपळा मात्र सकाळी.

फळमाशी असेल तर क्यू-ल्युअरचा सापळा लावा. कृषी सेवा केंद्रात गोळी मिळते. मांडवाच्या उंचीला टांगायचा. त्यात नर माश्या अडकतात. आंब्या-पेरूसाठी मिळतो तो मिथाईल युजेनॉलचा, तो वेलवर्गीय भाज्यांना चालत नाही, दुकानदाराला नीट सांगून घ्या. पण सापळ्यापेक्षा माझा भरवसा पिशवीवर. फूल सुकून फळ बोटभर झालं की त्याच दिवशी जुन्या धोतराची सैल पिशवी बांधते. माशी अंडी घालते ती कोवळ्या सालीत, ती सालच तिला सापडत नाही. मार्च ते मे माझ्या मांडवाला पंधरा-वीस पांढऱ्या पिशव्या लटकत असतात.

किडलेली फळं वेलाखाली पडू द्यायची नाहीत. अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस उन्हात ठेवा, मग टाका.

बाकी सगळ्यावर माझा दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, आहेच. कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, पपई, एरंड, टणटणी, गुळवेल, रुई, कण्हेर असा पाला, देशी गाईचं शेण आणि गोमूत्र. महिनाभर सावलीत मुरवायचं, रोज दोनदा ढवळायचं. लिटरला २५ मिली. शेळी ज्या झाडाला तोंड लावत नाही त्याचा पाला घ्यायचा, हे आमच्या आजीचं गणित.

कोयनाकाठ – १५ फेब्रुवारी

वाईच्या ताईंचं दुधीबद्दलचं लिहिणं कापून ठेवण्यासारखं आहे. दशपर्णीबद्दल मात्र मला थोडं कडक बोलायचंय, राग मानू नका.

शेळी तोंड लावत नाही, कारण ते झाड विषारी असतं. मग ते माणसाला निर्धोक कसं? कण्हेरीचं पान, फूल, मूळ, सगळंच हृदयावर परिणाम करणारं विष आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. एकरभर कापसावर मारणं वेगळं आणि जिथं लेकरू टोमॅटो तोडून फ्रॉकला पुसून खातं तिथं मारणं वेगळं. परसबागेच्या दशपर्णीतून या दोन्ही वगळा. कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, पपई एवढ्यावर भागतं.

तंबाखूचा काढाही तसाच. सांगली-कोल्हापूरकडं तंबाखू सहज मिळते, म्हणून पुष्कळ जण उकळून मारतात. अग्निअस्त्र म्हणून गोमूत्रात उकळून जो तिखट काढा करतात त्यातही ती असते. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू येऊ शकतो. तंबाखू मळलेल्या हातानं रोपांना हात लावू नका, साबणानं धुवा आणि मग लावा.

कुठलाही अर्क पालेभाजीवर टाळा. फळभाजीवर मारला तर चार-पाच दिवस तोडणी थांबवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सरबताच्या जुन्या बाटलीत तर कधीच नको.

वाई_परस – १६ फेब्रुवारी

काका, राग कसला. पण सोडवत नाही हेही खरं. आजीनं शिकवलेलं आहे आणि आमच्या गल्लीतल्या आठ घरांना मी दरवर्षी करून देते. रुईचा पाला ठेचताना एकदा डोळ्याची आग झाली होती, ती मात्र आठवली. यंदाच्या पाडव्याला दशपर्णीचं मडकं घालीन त्यात कण्हेर आणि रुई घालणार नाही. काय होतं ते इथं लिहीन.

माणदेशी – १६ फेब्रुवारी

बोअरच्या पाण्याचंही बोलूया. आमच्याकडं आणि सांगलीकडं पुष्कळ ठिकाणी पाणी जड. साबण घातला की फुटतो, वर दह्यासारख्या गाठी येतात. ते पाणी अर्काला वापरू नका. साबण निकामी, आणि पाणी जास्त अल्कधर्मी असलं तर निंबोळीचा गुणही कमी होतो. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. नाहीच मिळालं तर थोडं लिंबू पिळा.

आणि राख. आई राख टाकायची, मीही टाकतो, मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडलेल्या घेवड्यावर पहाटे दव असताना. पण संगमकाठ ताई, तुमची काळी माती, मूळचीच चुनखडीची. चुलीची राख ढिगानं ओतू नका, तिनं माती आणखी चोपण व्हायची. पानावर चिमूट-चिमूट ठीक.

शाहूपुरी_गच्ची – १८ फेब्रुवारी

मध्येच माझा प्रश्न. कृष्णाकाठच्या वांग्याचं बी मिळालं, चार रोपं लावली. तीन शेंडे मान टाकून सुकलेत. पाणी तर पुरेसं आहे.

ऊसवाला_वाळवा – १८ फेब्रुवारी

शेंडा पोखरणारी अळी. सुकलेला शेंडा भोकाच्या बोटभर खाली कापा आणि चिरा. आत गुलाबी-पांढरी अळी सापडेल. सापडली की समाधान वाटतं बघा. हीच अळी पुढं वांग्यात शिरते, आणि तिथं गेल्यावर कुठलाच अर्क पोचत नाही. चार झाडांना कात्री हेच औषध. आठवड्यातनं दोनदा. वांगी जास्त असतील तर कामगंध सापळा, मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग पकडणारा.

संगमकाठ – ९ मार्च

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते.

शेजाऱ्यांकडं गेले होते. तीन दिवस मन करत नव्हतं, शेवटी सासूबाईच उठल्या आणि द्राक्षाचं पान पदराखाली घेऊन चालायला लागल्या, मी मागं. ते चांगले गृहस्थ निघाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं की वारं इतकं लांब येतं. बाटली आणून दाखवली, एस्टरचंच होतं. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आमच्या मालकांनी आयुष्यभर पंप ओढला. वारं बघितल्याबिगर खांद्याला पट्टा लावला न्हाई." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर पाचट आमच्या दाराशी टाकून गेले.

टोमॅटोची चौदातली नऊ झाडं सावरतायत. खालची पानं अजून तशीच वेडीवाकडी, पण वरचा शेंडा सरळ, रुंद, गर्द हिरवा. एकाच झाडावर आजार आणि बरं होणं दोन्ही वर-खाली दिसतं. कुंपणाकडची पाच गेली, खोडं चिरली होती. मिरची सगळी वाचली. त्या वेळची फळं मी काढून टाकली. लेक रडली.

आणखी एक. घेवड्याच्या शेंड्यावर काळा मावा पडला होता. अर्क करायला निंबोळ्या कुटत बसले होते, तर लेक म्हणाली, आई, मगरीसारखी अळी आहे. बघितलं तर काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, काटेरी, सहा पायांची. मी चिमटीत धरून चिरडणारच होते. मग वाटलं, आधी बघू. पाटावर बसून आम्ही दोघी अर्धा तास बघत होतो. ती एका माव्यापाशी जायची, धरायची, चघळायची, रिकामी कातडी सोडायची आणि पुढं. लेकीनं अकरा मोजले. ते काय आहे?

कोयनाकाठ – ९ मार्च

पोरीला शाबासकी द्या. ते लेडी बर्डचं, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या ढालकिड्याचं पिल्लू. मोठा किडा सगळ्यांना ओळखू येतो, पिल्लू कुणालाच येत नाही, आणि अळी समजून लाखोंनी मारलं जातं. त्या शेंड्यावर अर्क मारू नका. आठवड्यानं मावा आपोआप उतरलेला दिसेल. पानावर केसासारख्या बारीक दांडीवर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी अंडी दिसली तर तीही राखा, ती क्रायसोपा नावाच्या मित्रकिड्याची. त्याचं पिल्लूही मावा आणि फुलकिडे खातं.

दोन-चार ठिकाणी कोथिंबीर आणि बडीशेप फुलोऱ्यावर जाऊ द्या. या किड्यांच्या मोठ्यांना पराग आणि मध लागतो. आणि पश्चिमेच्या कुंपणाला पावसाळ्याच्या तोंडावर शेवरी दाट पेरा. वारं अडेल, तिचा पाला वाफ्यात घालता येईल. तोवर मक्याच्या दोन ओळी वाढवा.

वाई_परस – २ एप्रिल

पाडव्याला कण्हेर-रुईशिवायचं मडकं घातलंय. अजून मुरतंय. वास मात्र तोच आहे, शेजारीण नाक धरूनच येते.

संगमकाठ, दुधीचं काय झालं?

संगमकाठ – १२ एप्रिल

ताई, सात दुधी काढले! रोज दिवेलागणीला लेक स्टुलावर चढून नर फूल टेकवते, मी खाली दिवा धरते. तिचे हात लहान, नाजूक, माझ्यापेक्षा नीट जमतं. सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या. एक पिशवी बांधायची राहिली होती, तेवढाच एक दुधी किडला. चिरून बघितला, आत अळ्या. तो उन्हात बांधून ठेवलाय.

जास्वंदीला ग्रीसची पट्टी अजून आहे. वांग्यापाशी रोज सकाळी ब्रश घेऊन सासूबाई बसतात.

आणि काल रात्री नवाच्या सुमाराला शेजाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, उद्या पहाटे तणाचं मारतोय, अमाईनचं आणलंय. वारं नाही, पण तुमच्या वेलावर कापड टाकून ठेवा." आम्ही तिघींनी बॅटरीच्या उजेडात दोन जुनी लुगडी कुंपणाला बांधली आणि एक द्राक्षावर टाकलं.